गावच्या खड्ड्यात ‘प्लॅस्टिक खाणारे जिवाणू’ सोडावेत का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या तुमच्या गावाबाहेर एका खड्ड्यात कॅरीबॅग, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, मावा-गुटख्याच्या पुड्या असा ढीग साठला आहे. एक विक्रेता पावडर घेऊन ग्रामपंचायतीत आला. गुळाच्या पाण्यात ती भिजवायची, ढिगावर शिंपडायची, वर मातीचा थर द्यायचा. सहा महिन्यांत प्लॅस्टिकचं खत होईल, असं तो सांगतो. वित्त आयोगाच्या निधीतून ती घ्यावी का, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा असा की, पुतणी सोलापूर विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आणि तिला याच विषयावर प्रोजेक्ट करायचा आहे, तर त्यात काही दम आहे का?

पावडर घेऊ नका. प्रोजेक्ट जरूर करू द्या, फक्त कॅरीबॅगवर नको. दोन्ही उत्तरांचं कारण एकच आहे आणि ते नीट समजून घेतलंत तर पुढे असा कुणीही विक्रेता दारात आला तरी तुम्हाला दुसऱ्याला विचारावं लागणार नाही.

मी सोलापूर परिसरात बरीच वर्षं सांडपाणी आणि ओला कचरा यांच्यावर जिवाणूंच्या कल्चरचं, म्हणजे मुद्दाम वाढवलेल्या जिवाणूंचं, काम करतो. जिवाणू काय करू शकतात हे रोज डोळ्यांनी पाहतो, त्यांच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. म्हणूनच त्यांच्या नावावर गावांच्या गळ्यात काहीबाही मारलं जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं. उद्या खरं काम करणारं कल्चर घेऊन कुणी आला तरी लोक त्याला दारात उभं करणार नाहीत.

आता आपल्या जनावरांकडे बघा. गाईच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, एका मिलिलिटर रसात अब्जावधी जिवाणू असतात. ३९ अंशांच्या आसपास कायम ऊब, ओलावा भरपूर, वर रवंथाने सतत घुसळण. कडबा, उसाचं वाढं असं चिवट खाणं तिथे पचतं. एवढी तयार भट्टी कुठल्याच पावडरच्या डब्यात मिळणार नाही. तरीही उकिरड्यावर चरणाऱ्या गाईचं पोट पशुवैद्यक फाडतात तेव्हा आतून काय निघतं? कित्येक किलो कॅरीबॅगचा गोळा. वर्षानुवर्षं आत राहिलेल्या पिशव्या. पीळ पडलेल्या, काळवंडलेल्या, पण तशाच्या तशा. जिवाणूंना कॅरीबॅग पचत असती तर ती गाय दगावली नसती.

याच कोटीपोटावरचा एक प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी कत्तलखान्यातून कोटीपोटातला रस आणला आणि त्यात तीन प्रकारचं पॉलिएस्टर टाकलं. त्यातलं एक आपल्या पाण्याच्या बाटलीचं, म्हणजे पेट. तिन्हींचे रेणू तुटून रसात उतरू लागले. जिवाणू तेच, ऊब तीच, पण कॅरीबॅग शाबूत आणि पॉलिएस्टर तुटतं. फरक जिवाणूंत नाही, प्लॅस्टिकमध्ये आहे.

प्लॅस्टिक म्हणजे छोट्या रेणूंची लांबच लांब साखळी. पेट, पॉलिएस्टर यांच्या साखळीत ठरावीक अंतरावर ऑक्सिजन असलेला जोड असतो, त्याला एस्टर बंध म्हणतात. पाण्याच्या मदतीने हा बंध तोडणारी एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, जिवाणूंकडे कोट्यवधी वर्षांपासून आहेत, कारण निसर्गात असे बंध मुबलक आहेत. चरबीत आहेत, तसेच पानाच्या वरच्या मेणचट आवरणातही आहेत. ते आवरण ज्या क्युटिनचं बनतं तो निसर्गाचा पॉलिएस्टरच. पानं कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशींकडे क्युटिन तोडणारं एन्झाइम असतं आणि तेच थोड्या फरकाने बाटलीलाही लागू पडतं.

कॅरीबॅग, दुधाची पिशवी, ठिबकची नळी हे पॉलिथिन. त्यात नुसता कार्बनला कार्बन जोडलेला आणि बाजूला हायड्रोजन. पाण्याने तुटेल असा एकही जोड नाही. साखळी इतकी लांब की जिवाणूच्या आत शिरायचा प्रश्नच नाही, आणि बाहेरून तोडायला एन्झाइमला धरायला जागा नाही. मेण किंवा डिझेल खाणारे जिवाणू आहेत, पण ते काही डझन कार्बनच्या तुकड्यांवर जगतात आणि बहुतेकांना ऑक्सिजन लागतो. पॉलिथिनच्या एका साखळीत हजारो कार्बन असतात. पॉलिप्रोपिलीनचीही हीच गत.

“पण बांधावर पडलेली पिशवी वर्ष-दोन वर्षांत हातात घेतली की भुगा होते, ते कसं?” असं शेतकरी विचारतात. ते सोलापूरच्या उन्हाचं काम. अतिनील किरणांनी पॉलिथिनच्या साखळीत ऑक्सिजन घुसतो, साखळ्या तुटतात, पिशवी ठिसूळ होते. त्या ऑक्सिजन लागलेल्या थोड्या भागाचे लहान तुकडे जिवाणू हळूहळू खातात, हे खरं आहे. बाकीचं बारीक कण होऊन मातीत मिसळतं. आता विक्रेत्याची पद्धत आठवा: शिंपडल्यावर वर मातीचा थर द्यायचा. म्हणजे ऊन बंद, हवा बंद. जे थोडंफार झालं असतं तेही थांबलं. सहा महिन्यांनी वरून काही दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

विक्रेत्याने तुम्हाला बरणी दाखवली असेल. अशी एक बरणी माझ्याकडे तपासायला आली होती. गढूळ पाण्यात कॅरीबॅगचा तुकडा, पांढुरका आणि बुळबुळीत झालेला, छपाई निम्मी उडालेली. बघणाऱ्याला वाटावं की विरघळायला लागला. तो तुकडा चिमट्याने बाहेर काढला, साबणाच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला आणि ओल्या फडक्याने पुसला. वरचा बुळबुळीत थर सगळा फडक्यावर आला. तो जिवाणूंचा थर होता, गुळावर पोसलेला. खाली पिशवी जशीच्या तशी, चिमट्यात धरून ओढली तर ताणली जात होती, तुटत नव्हती. शाई गेली होती कारण शाई वेगळी आणि पिशवी वेगळी. गुळाचं पाणी दिलं की जिवाणू वाढणारच, त्यासाठी प्लॅस्टिक लागत नाही.

काही विक्रेते वजन घटल्याचा रिपोर्ट दाखवतात. तिथेही बघायची एक गोष्ट आहे. स्वस्त पिशव्यांत खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळलेली असते. जिवाणूंनी आंबवून आम्ल केलं की ती भुकटी विरघळते आणि वजन कमी भरतं. पिशवीत स्टार्च असेल तर ते जिवाणू खातात. पॉलिथिनचा एक रेणूही न तुटता कागदावर दहा टक्के ‘विघटन’ दाखवता येतं. प्लॅस्टिक खरंच खाल्लं गेलं हे सिद्ध करायला त्यातला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर आला हे मोजून दाखवावं लागतं. कंपोस्टेबल प्लॅस्टिकसाठीचं आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक हेच मागतं: १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बनचा वायू झाला पाहिजे. आणि ही चाचणी ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या कंपोस्टमध्ये होते. म्हणून गड्ड्याच्या यात्रेतला ‘कंपोस्टेबल’ कपही सिद्धेश्वर तलावात पडला तर तिथे तो नुसता तरंगत राहतो.

मग वर्तमानपत्रात येणाऱ्या बातम्या खोट्या का? नाहीत. जपानमध्ये साकाई शहरातल्या बाटल्यांच्या रिसायकलिंग केंद्राच्या परिसरातून एक जिवाणू सापडला, आयडिओनेला साकाएन्सिस. २०१६ साली ‘सायन्स’मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याच्याकडे दोन एन्झाइम आहेत. पहिलं पेटची साखळी कापतं, दुसरं त्या तुकड्याचे टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल असे दोन भाग करतं. ३० अंशांवर त्याने पेटची पातळ फिल्म सुमारे सहा आठवड्यांत खाल्ली. हे मोठंच काम. पण बातमीत जे येत नाही ते असं की ती फिल्म अगदी सैल रचनेची होती. बाजारातल्या बाटलीत साखळ्या ताणून, घट्ट रचून बसवलेल्या असतात आणि त्या घट्ट भागात एन्झाइमची डाळ शिजत नाही.

यावर तोड निघाली ती पाल्याच्या कंपोस्टमधून. तिथे सापडलेल्या क्युटिन तोडणाऱ्या एन्झाइममध्ये फ्रान्सच्या कार्बिओस कंपनीने आणि तुलूझच्या शास्त्रज्ञांनी बदल केले आणि २०२० साली दाखवलं की ७२ अंशांवर ते १० तासांत ९० टक्के पेट मोडतं. ७२ अंश का? पेट साधारण ६५ ते ७० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, साखळ्या हलू लागतात आणि एन्झाइमला आत शिरता येतं. टेक्सासच्या गटाने २०२२ मध्ये ५० अंशांपर्यंत चालणारं एन्झाइम दाखवलं. एक गोष्ट लक्षात घ्या, इथे जिवाणू शिंपडत नाहीत. टाकीत जिवाणू किंवा बुरशी वाढवून एन्झाइम वेगळं काढतात. बाटल्या आधी वितळवून झटकन थंड करतात, म्हणजे रचना सैल होते. मग दळून बारीक करतात आणि बंद टाकीत पाण्यात ढवळतात. आम्ल सुटतं, म्हणून कॉस्टिक सोडा घालून पीएच सांभाळतात. शेवटी शुद्ध कच्चा माल मिळतो, त्यातून नवी बाटली किंवा नवा धागा. हा कारखाना आहे, खड्डा नाही. फ्रान्समध्ये लाँगलाव्हिल इथे वर्षाला ५०,००० टनांचा असा कारखाना ठरला, पण पैशांच्या जुळणीवरून त्याचं काम रेंगाळलं. शिवाय कॉस्टिक आणि आम्लातून शेवटी भरपूर मीठ उरतं. आपल्या डाइंगवाल्यांना विचारा, खारट पाण्याची विल्हेवाट म्हणजे काय डोकेदुखी असते.

मेण खाणाऱ्या अळीची बातमीही तुमच्या वाचनात आली असेल. पोळ्यातलं मेण खाणारी ही अळी पॉलिथिनच्या पिशवीला भोकं पाडते, हे २०१७ मध्ये पुढे आलं. भोकं पाडते हे खरं, पण ती पॉलिथिन किती पचवते आणि किती नुसतं कुरतडते यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. गावाने त्यावर पैसे लावण्यासारखी ही गोष्ट नाही.

आता पुतणीच्या प्रोजेक्टकडे येतो, कारण मला त्यातच खरी आशा दिसते. पाण्याच्या बाटल्यांवर काम करायला मी तिला सांगणार नाही. स्वच्छ बाटली भंगारवाला पैसे देऊन नेतो, तिचा चुरा होऊन धागा बनतो, ती साखळी चालू आहे. सोलापूरचा खरा प्रश्न कापडाचा आहे. चादर-टॉवेल ही आपली जुनी ओळख, पण आज देशभरातल्या शाळांचे आणि कंपन्यांचे युनिफॉर्म इथे शिवले जातात. ते कापड बहुतेक टेरीकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुती एकत्र. कटिंग टेबलाखाली पोतीच्या पोती चिंध्या निघतात. त्या वितळवता येत नाहीत, कारण सुती भाग जळतो. पिंजून चांगलं सूत काढता येत नाही. शेवट होतो तो भट्टीत नाहीतर उकिरड्यावर.

इथे एन्झाइमला वाव आहे, कारण ती निवडक असतात. सेल्युलेज फक्त सुती भाग तोडून त्याची साखर करतं, पॉलिएस्टरला हात लावत नाही. पॉलिएस्टर तोडणारं एन्झाइम सुताला हात लावत नाही. आणि एन्झाइम ही आपल्या प्रोसेसिंगवाल्यांना नवी चीज नाही. खळ काढायला ते अमायलेज वापरतात, कापडाची लव काढायला बायोपॉलिशिंगमध्ये सेल्युलेज वापरतात. टाकी, बॉयलर, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा), तापमान सांभाळणारे कुशल हात, सगळं इथे आहे. एम.एस्सी.च्या वेळेत तिने सेल्युलेजने टेरीकॉट चिंधीतलं सूत काढून पॉलिएस्टर किती स्वच्छ मिळतं, साखर किती मिळते, रंग आणि फिनिश किती आडवे येतात एवढं जरी नीट मोजलं तरी ते इथल्या उद्योगाच्या कामाचं ठरेल.

तिला नवीन जिवाणू शोधायचाच असेल तर जागा विचारपूर्वक निवडावी. १९७५ साली जपानमध्ये नायलॉन कारखान्याच्या सांडपाण्यात असा जिवाणू सापडला जो नायलॉन बनवताना उरणारे तुकडे खायला शिकला होता. अख्खं नायलॉन नव्हे, तुकडे. ज्या जागी वर्षानुवर्षं एकच खाद्य पडतं तिथे ते खाणारा तयार होतो. म्हणून सोलापूरच्या भोगाव कचरा डेपोतली माती परवानगी काढून जरूर आणावी, पण पॉलिएस्टर कापडावर प्रक्रिया करणाऱ्या युनिटच्या ईटीपीचा गाळ आणि पाल्याचं तापलेलं कंपोस्ट या दोन जागा मला जास्त आशेच्या वाटतात. आधी ट्रायब्युटिरिनच्या (एक साधी चरबी) प्लेटवर, मग पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या (सहज तुटणारं पॉलिएस्टर) प्लेटवर वाढवून वसाहतीभोवती स्वच्छ कडं पडतं का बघावं. कडं पडलं म्हणजे एस्टर तोडणारं एन्झाइम आहे, एवढंच कळलं. पेट तुटतं असं अजून म्हणायचं नाही. पुढे सैल रचनेची पेट फिल्म द्यावी आणि द्रवात टेरेफ्थॅलिक आम्ल येतं का ते एचपीएलसीवर, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, बघावं. फिल्मच्या वजनावर विसंबू नये. वजन करायचंच तर आधी एसडीएस या साबणासारख्या रसायनाच्या द्रावणाने जिवाणूंचा थर धुऊन, वजन स्थिर होईपर्यंत फिल्म वाळवावी. आणि प्रत्येक वेळी शेजारी दोन बरण्या ठेवाव्यात, एक बिनजिवाणूची आणि एक मेलेल्या जिवाणूंची. या दोन बरण्यांशिवाय आलेला आकडा मी तरी वाचत नाही. परिणाम ‘काही तुटलं नाही’ असा आला तर तोही प्रामाणिकपणे लिहावा. गाईडनेही त्याला पूर्ण गुण द्यावेत.

शेतीतही एका जागी जिवाणू खरंच कामाला येतात. टरबूज-मिरचीला अंथरलेला पॉलिथिनचा मल्चिंग पेपर काढताना फाटतो, तुकडे मातीत राहतात. पीबीएटी नावाच्या, एस्टर बंध असलेल्या प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर मिळतो. त्याचा कार्बन मातीतले जिवाणू खरोखर खातात हे स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये खुणेचा कार्बन वापरून दाखवलं आहे. तो महाग पडतो, आणि आपल्या कोरड्या मातीत ओल नसेल तर जिवाणूंचं कामही थांबतं. ठिबकखालच्या ओल्या पट्ट्यात एखाद्या शेतकऱ्याने थोड्या जागेवर करून बघायला हरकत नाही.

गावच्या खड्ड्याचं काय करायचं ते सांगतो, त्यात फार शास्त्र नाही. आजपासून ओलं आणि सुकं वेगळं घ्या. ओल्या कचऱ्यावर जिवाणू मनापासून काम करतात आणि त्यासाठी विकतची पावडरही लागत नाही, शेणकाला पुरतो. ओलं बाजूला गेलं की प्लॅस्टिक कोरडं राहतं आणि कोरड्या प्लॅस्टिकला गिऱ्हाईक असतं. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण टप्पा दोनमध्ये तालुक्याला एक प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन युनिट, १६ लाखांपर्यंतच्या निधीतून, अशी तरतूद आहे. ते तुमच्या तालुक्यात कुठवर आलं, हे पंचायत समितीत जाऊन विचारा आणि गाव त्याला जोडून घ्या. पॉलिथिनचा चुरा डांबरी रस्त्यात वापरता येतो. पुड्यांसारखं अनेक थरांचं प्लॅस्टिक कुणीच घेत नाही. ते सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतं, आणि अशा भट्ट्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात वाडी, सेडम, मळखेड भागात आहेत. जुना ढीग उकरून चाळणीने माती आणि प्लॅस्टिक वेगळं करावं लागेल. उकरताना दुर्गंधी कमी करायला कल्चर फवारतात, तो त्याचा योग्य उपयोग आहे. ढीग पेटवू मात्र कुणाला देऊ नका, त्या धुरात क्लोरीनवाल्या प्लॅस्टिकचं विष असतं आणि तो आधी लहान मुलांच्या छातीत जातो.

एवढं सांगूनही ग्रामसभेत कुणी पावडर घ्यायचीच म्हणून अडून बसलं, तर विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या. कोणत्या प्लॅस्टिकवर चालते, पॉलिथिन की पेट? जिवाणूचं पूर्ण नाव काय, आणि पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसीसारख्या जिवाणूंच्या अधिकृत संग्रहात तो कोणत्या क्रमांकाने जमा आहे? कार्बन डायऑक्साइड मोजलेला रिपोर्ट कुठल्या प्रयोगशाळेचा? त्यानंतर गावातच परीक्षा घ्या. दुधाच्या रिकाम्या पिशव्या कापून, धुऊन, वाळवून सराफाच्या काट्यावर तोला. नायलॉनच्या दोन जाळीदार पिशव्यांत सारख्या वजनाचे तुकडे भरा, तोंडं शिवून सरपंचांची सही असलेलं लेबल लावा. एक पिशवी त्याच्या पावडरसकट पुरा, दुसरी थोड्या अंतरावर नुसत्या मातीत. सहा महिन्यांनी दोन्ही उकरा, साबणाने धुवा, चांगली वाळवा, त्याच काट्यावर तोला. बिल त्या दिवशी वजन बघून द्यायचं, हे ठरावात आधीच लिहून ठेवा.